संच खपले, शो बुडाला

१९४९ सालच्या जूनमध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवरचा एक विनोदी कार्यक्रम बंद झाला. कारण काय, तर तो लोकांना फार आवडला होता. 'अॅडमिरल ब्रॉडवे रिव्ह्यू' असं त्याचं नाव. त्याला पैसा पुरवणारी अॅडमिरल कंपनी टीव्हीचे संच बनवायची. जानेवारीत कार्यक्रम सुरू झाला आणि आठवड्याला शेकड्यांनी खपणाऱ्या संचांची मागणी बघता बघता हजारांवर गेली. कंपनीपुढे पेच पडला, गाठीशी असलेला पैसा कार्यक्रमात घालायचा की कारखाना वाढवण्यात? मालकाने कारखाना वाढवला आणि कार्यक्रमाला नारळ दिला. त्यातला मुख्य विनोदी नट सिड सीझर ही हकीगत पुढे म्हातारपणापर्यंत सांगत असे.

आठ वर्षांनी, १९५७ च्या मे महिन्यात, याच सीझरचा दुसरा आणि कितीतरी मोठा कार्यक्रम बंद पडला. तेव्हाही मुळाशी टीव्ही संचांचा वाढलेला खपच होता. या दोन घटनांच्या मधल्या काळात अमेरिकन टीव्हीवरच्या विनोदाची घडण झाली. मेल ब्रुक्स, नील सायमन, कार्ल रायनर, लॅरी गेलबार्ट ही नावं आपल्याकडे नाटक-सिनेमाचा नाद असलेल्यांना ठाऊक असतात. ही सगळी मंडळी ऐन उमेदीत सिड सीझरभोवती गोळा झाली होती. सीझरचं स्वतःचं नाव मात्र आपल्या कानावर फारसं पडत नाही.

सीझर १९२२ साली जन्मला, न्यूयॉर्कला खेटून असलेल्या याँकर्स गावात. घर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं, वडिलांची खानावळ. आसपासच्या कारखान्यांतले मजूर तिथे जेवायला येत आणि आपापल्या मुलखाप्रमाणे बसत. इटालियन एका टेबलावर, पोलिश दुसऱ्या, रशियन तिसऱ्या. उष्ट्या बश्या उचलायचं काम धाकट्या सिडकडे. यातली भाषा कळत नसली तरी प्रत्येकीची चाल त्याच्या कानात बसली होती. इटालियनांच्या टेबलाशी जाऊन तो इटालियनसारखं काहीतरी बडबडे. शब्द एकही खरा नाही, हेल मात्र अस्सल. मजूर पोट धरून हसत आणि आता त्या पलीकडच्या टेबलावर जा म्हणत. पुढे आयुष्यभर हे त्याचं हुकमी अस्त्र राहिलं. जर्मन, फ्रेंच, इटालियन, जपानी, कशातही तो धाडधाड बोलत सुटे आणि ती भाषा खरोखर येणारा माणूस चक्रावून जाई. ऐकायला सगळं बरोबर, हाती मात्र काहीच लागत नाही.

तरुणपणी त्याला सॅक्सोफोनवादक व्हायचं होतं. न्यूयॉर्कची ज्यू कुटुंबं उन्हाळ्यात हवापालटासाठी कॅट्सकिलच्या डोंगरात जात. तिथल्या हॉटेलांमधल्या बँडमध्ये त्याने उमेदवारी केली. ब्रुक्सही त्याच डोंगरात ड्रम वाजवत होता. मला हा तपशील बारीकसारीक वाटत नाही. या दोघांचं काम बघताना हशा नेमका तालावर येतो. वाक्य कुठे तोडायचं, श्वास किती लांबवायचा, समेवर कधी यायचं हे त्यांना वाद्यामुळे कळलं असावं. प्रहसनं लिहिणाऱ्या पुष्कळांना हे शेवटपर्यंत कळत नाही.

युद्धाच्या काळात सीझर तटरक्षक दलात होता. दलाने 'टार्स अँड स्पार्स' नावाचा गाण्या-नाचाचा कार्यक्रम काढला होता. त्याचा दिग्दर्शक मॅक्स लीबमन. जन्माने व्हिएन्नाचा हा माणूस पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनो डोंगरात टॅमिमेंट नावाच्या उन्हाळी विश्रामस्थळी दर शनिवारी रात्री नवा कार्यक्रम बसवत आला होता. नवा बसवणं भागच होतं, कारण समोर बसणारे पाहुणे तेच असत. नट डॅनी के तिथे तयार झाला, सीझरची पुढची जोडीदार इमोजीन कोका हिने तिथे काम केलं, मेल टोल्किन आणि ल्युसिल कॅलन हे लेखकही तिथूनच आले. आठवड्याला एक नवा खेळ, हा रतीब घालायची सवय या लोकांना टीव्ही येण्याआधीच जडली होती. 'अॅडमिरल'ही लीबमननेच काढला होता. तो बंद पडल्यावर त्याने तीच फौज घेऊन पुन्हा मांड ठोकली.

२५ फेब्रुवारी १९५० ला एनबीसीवर 'युवर शो ऑफ शोज' सुरू झाला. शनिवारी रात्री नऊ ते साडेदहा, वर्षाचे ३९ आठवडे, आणि सगळं थेट. चित्रफितीचं यंत्र टीव्हीवाल्यांच्या हाती १९५६ मध्ये आलं, त्यामुळे आधी मुद्रित करून चुका कापून टाकायची सोयच नव्हती. कोलंबस सर्कलच्या इंटरनॅशनल थिएटरात खरे प्रेक्षक बसलेले असत. नटांना वाक्यं दाखवणारे तक्ते नाहीत, कानात पुटपुटणारा प्रॉम्प्टर नाही. नाच-गाणी वजा केली तरी दर आठवड्याला तासाभराच्या घरातला विनोद लिहून, पाठ करून, बसवून सादर करायचा. आपल्याकडच्या नटाला पंचवीस-तीस प्रयोग झाले की नाटक अंगात मुरतं, कुठे थांबायचं ते प्रेक्षक शिकवतात. इथे शुभारंभाचा प्रयोग आणि शेवटचा प्रयोग एकाच रात्री. सोमवारी सकाळी पुन्हा कोरा कागद.

तो कोरा कागद मॅनहॅटनच्या सिटी सेंटर इमारतीतल्या एका खोलीत भरला जाई. या खोलीबद्दल तिथे बसलेल्या प्रत्येकाने नंतर काही ना काही लिहिलं किंवा सांगितलं आहे, आणि सगळ्यांच्या सांगण्यातला समान भाग म्हणजे आरडाओरडा. सिगारचा धूर, मागवलेलं खाणं आणि एकाच वेळी सहा जण बोलतायत. प्रमुख लेखक टोल्किन, ओडेसाच्या बाजूला जन्मलेला आणि कॅनडामार्गे आलेला, स्वभावाने चिंतातुर. कॅलन ही त्या गराड्यातली एकटी बाई. आपलं वाक्य ऐकून घ्यावं म्हणून ती उंचावर उभी राहून लाल स्वेटर हलवायची, असं तिनेच सांगितलंय. नील सायमनला ओरडता येत नसे. तो शेजारी बसलेल्या कार्ल रायनरच्या कानात वाक्य सांगे, आणि रायनर उठून गर्जे की नीलला सापडलंय. रायनर खरं म्हणजे नट. लेखकांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं, तरी तो रोज त्या खोलीत येऊन बसायचा. पुढे काय करायचं आहे ते त्याने तिथेच ठरवलं असावं.

मेल ब्रुक्स या खोलीत मागच्या दाराने शिरला. लीबमनला तो डोळ्यांसमोर नको असायचा. सीझरने त्याला सुरुवातीला स्वतःच्या खिशातून आठवड्याला ५० डॉलर देऊन ठेवून घेतलं. ब्रुक्स रोज उशिरा यायचा, आणि आल्यावर एखाद्या वाक्याने सगळ्यांचा राग घालवायचा. सीझर स्वतः टंकलेखन यंत्राला हात लावत नसे. तो ऐकायचा आणि करून बघायचा. एखादं वाक्य पसंत पडलं नाही तर हातांनी मशीनगन धरल्यासारखं करून ते हवेतच पाडायचा. वाद नाही, खुलासा नाही, वाक्य मेलं. पसंत पडलं तर तो उभा राहून ते सात-आठ तऱ्हांनी करून दाखवी, आणि त्यातून प्रहसनाचा पुढचा भाग आपोआप सुचत जाई.

इथे एक गैरसमज दुरुस्त करायला हवा, कारण तो मराठीतही छापून आलेला दिसतो. वुडी अॅलन 'युवर शो ऑफ शोज'च्या लेखकांत नव्हता. १९५० मध्ये तो चौदा वर्षांचा शाळकरी पोरगा होता. सीझरसाठी त्याने लिहिलं ते १९५८ च्या एका खास कार्यक्रमात, गेलबार्टबरोबर. पण त्या खोलीची आख्यायिका इतकी मोठी झाली की नंतर आलेल्यांनाही लोकांनी तिच्यात नेऊन बसवलं.

या सगळ्या गोष्टींत इमोजीन कोका मागे पडते, आणि ते मला खटकतं. सीझरपेक्षा ती चौदा वर्षांनी मोठी. फिलाडेल्फियात, रंगमंचाशी नातं असलेल्या घरात जन्मली, लहानपणापासून नाचत आली. विनोदी नटी ती जवळपास अपघाताने झाली. १९३४ च्या 'न्यू फेसेस' या ब्रॉडवेवरच्या कार्यक्रमाच्या तालमी चालू होत्या, थिएटर गारठलेलं होतं, निर्मात्याने तिला स्वतःचा भला मोठा ओव्हरकोट दिला. त्या ढगळ कोटात ती ऊब यावी म्हणून इतरांबरोबर पावलं टाकू लागली, आणि ते इतकं मजेदार दिसलं की कार्यक्रमातच घेतलं गेलं. सीझर अंगाने दांडगा, सहा फुटांहून उंच, आवाज गडगडाटी. कोका चिमुकली. तिचे मोठाले डोळे आणि खालचा ओठ एवढ्यावर ती त्याला पुरून उरायची. दोघांचं पडद्यावरचं नवरा-बायकोचं भांडण 'हिकनलूपर्स' नावाने चालायचं. आज ते बघताना त्यातली घरगुती थट्टा थोडी शिळी वाटते, बायकोने गाडी ठोकली वगैरे. पण दोघं एकमेकांकडे न बघता, शब्दाविना काही करतात तेव्हा शिळेपणाचा प्रश्न येत नाही.

शब्दाविना म्हणजे काय, ते बव्हेरियातल्या घड्याळाच्या प्रहसनात दिसतं. एका गावातलं जुनं मनोऱ्याचं घड्याळ. तास भरला की लाकडी बाहुल्या बाहेर येतात, घण मारतात, पाणी ओततात, घंटा वाजवतात. सीझर, कोका, रायनर आणि हॉवर्ड मॉरिस या चौघांनी त्या बाहुल्या केल्या आहेत. पहिल्या फेरीत सगळं बिनचूक. पुढच्या फेरीत एक कळ अर्ध्या ठोक्याने चुकते. मग चूक पसरत जाते. घण भलत्याच वेळी पडतो, पाणी भलत्याच तोंडावर उडतं, आणि बाहुल्यांचे चेहरे मात्र लाकडाचेच राहतात. हे चौघांनी थेट प्रक्षेपणात, संगीताच्या ठोक्यावर, एकही पाऊल न चुकवता चुकवून दाखवलं.

पण सगळ्यांत उत्तम प्रहसन कुठलं असं मला विचारलं, तर ३ एप्रिल १९५४ चं 'धिस इज युवर स्टोरी'. त्या काळी 'धिस इज युवर लाइफ' नावाचा कार्यक्रम फार चाले. बेसावध माणसाला गाठून त्याच्या आयुष्यातली माणसं एकेक करून समोर आणायची आणि त्याला रडवायचं. विडंबनात रायनर सूत्रधार झालाय. तो माइक घेऊन थिएटरातल्या प्रेक्षकांत येतो, रांगेत बसलेल्या एका साध्या माणसाचं नाव पुकारतो. तो माणूस सीझर. नाव ऐकताच तो बेशुद्ध पडतो. शुद्धीवर येतो तो पळत सुटतो. रायनर मागे, दारवान मागे, सीझर खुर्च्यांमधून, प्रेक्षकांच्या अंगावरून. कोट उगारून तो रायनरला झोडपू बघतो. शेवटी चौघे-पाच जण त्याला उचलून रंगमंचावर आणतात. मग नातेवाईक येऊ लागतात, आणि मगाशी जीव घेऊन पळणारा हा माणूस प्रत्येकाच्या गळ्यात पडून हंबरडा फोडतो. 'गूपी काका' म्हणून आलेला हॉवर्ड मॉरिस, चणीने पोरासारखा, सीझरला जो मिठी मारतो तो सुटतच नाही. बाजूला काढला की धावत येतो. पायाला विळखा घालतो, सीझर चालतो तसा फरफटत जातो. इतर नट हसू दाबायला पाठ फिरवताना चित्रणात दिसतात. संहितेत काका परत येतो एवढंच असणार. किती वेळा, किती लांबून आणि कुठल्या अवयवाला लटकून, हे त्या क्षणी घडत गेलं.

आणखी एक क्षण. हा पुढच्या, 'सीझर्स अवर' या कार्यक्रमातला, १९५५ चा. 'पालियाची' या इटालियन ऑपेराचं विडंबन चालू आहे. दगा झालेला विदूषक आरशासमोर बसून तोंड रंगवतोय आणि सीझर आपल्या बनावट इटालियनमध्ये शोक आळवतोय. गालावर पेन्सिलीने अश्रू काढायचा होता. पेन्सिलीचं टोक मोडलं. कॅमेरा चेहऱ्याच्या अगदी जवळ, देशभरातले लोक बघतायत. गाण्यात खंड न पाडता सीझरने दुसरं रंगाचं साधन उचललं, गालावर दोन उभ्या रेघा मारल्या, दोन आडव्या मारल्या, आणि तो स्वतःच्याच तोंडावर फुली-गोळा खेळू लागला. चेहऱ्यावरचं दुःख तसंच, सूर तसाच. वाद्यवृंद वाजतोय, हा फुल्या मारतोय. त्या रात्री ज्यांनी ते पाहिलं त्यांना हा अपघात होता हे कळलंही नसेल.

अशा रात्रींची किंमत तो दुसरीकडे चुकती करत होता. सीझरला मुलाखतीत स्वतःच्या आवाजात बोलणं जमत नसे. पात्र नसलं की तो गप्प, अवघडलेला. कार्यक्रम संपला की ताण उतरवायला दारू, झोपेसाठी गोळ्या. अंगात रग आणि डोक्यात आग. शिकागोच्या एका हॉटेलात ब्रुक्सने बाहेर जाऊया, बाहेर जाऊया म्हणून भंडावलं तेव्हा त्याने ब्रुक्सला उचलून खिडकीबाहेर लटकवलं आणि विचारलं, अजून किती बाहेर जायचंय? बायको फ्लॉरेन्सला एका घोड्याने पाडलं तेव्हा त्याने घोड्याच्या कपाळात ठोसा हाणला आणि घोडा कोसळला. हे ब्रुक्स सांगतो, त्यामुळे तिखटमीठ किती ते ज्याने त्याने ठरवावं. पण ब्रुक्सच्याच 'ब्लेझिंग सॅडल्स' या १९७४ च्या सिनेमात घोड्याला ठोसा मारणारा जो आडदांड माणूस आहे, त्याचा उगम या किश्श्यात आहे.

१९५४ मध्ये एनबीसीने हिशेब मांडला. सीझर, कोका आणि लीबमन हे तिघे मिळून एक गाजलेला कार्यक्रम देतात. तिघांना वेगळं केलं तर तीन मिळतील. ५ जूनला 'युवर शो ऑफ शोज'चा शेवटचा भाग झाला. कोकाचा स्वतंत्र कार्यक्रम एका हंगामात आटोपला. लीबमनकडे मोठाले संगीत कार्यक्रम गेले. सीझरने रायनर, मॉरिस आणि बहुतेक लेखक सोबत घेऊन सप्टेंबरात 'सीझर्स अवर' सुरू केला. कोकाच्या जागी नॅनेट फॅब्रे आली. मॉरिसने नोकर होऊन एका जर्मन सेनापतीला पोशाख चढवण्याचं प्रहसन याच मंडळींचं. पदकं, पट्टे, शिव्या, सगळं बनावट जर्मनमध्ये. आणि शेवटी सेनापती ऐटीत बाहेर पडतो, शिट्टी वाजवून टॅक्सी बोलावतो, तेव्हा कळतं की हा हॉटेलचा दारवान आहे.

कामाचा दर्जा घसरला नव्हता. मार्च १९५७ मध्ये एमी पारितोषिकं जाहीर झाली तेव्हा सीझर, रायनर, फॅब्रे यांच्यावर बक्षिसांची खैरात झाली. दोन महिन्यांत कार्यक्रम बंद झाला.

याचं कारण पडद्याबाहेर होतं. १९५० मध्ये अमेरिकेतल्या शंभर घरांपैकी जेमतेम नऊ घरांत टीव्ही होता. संच महाग आणि प्रक्षेपण केंद्रं मोजक्या मोठ्या शहरांत. त्यात सरकारी आयोगाने १९४८ पासून नव्या केंद्रांना परवाने देणं थांबवलं होतं. म्हणजे सीझरचा पहिला प्रेक्षक बराचसा न्यूयॉर्क आणि तशाच शहरांतला, नाटकं आणि परदेशी सिनेमे बघणारा. ब्रॉडवेवरच्या गल्ल्याला शनिवारी रात्री या कार्यक्रमाची झळ बसते अशी तक्रारही तेव्हा होत असे. या प्रेक्षकापुढे 'बायसिकल थीव्ह्ज'ची टर उडवता येत होती, मिझोगुचीच्या 'उगेत्सू' या जपानी सिनेमाचं 'उबेत्चू' करता येत होतं. त्यांनी मूळ सिनेमा पाहिलेला असण्याची शक्यता होती, निदान त्याच्याविषयी वाचलेलं तरी असे.

१९५२ मध्ये परवान्यांवरची बंदी उठली. लहान शहरांत, मग गावाकडे केंद्रं निघाली, संच स्वस्त झाले, आणि १९५५ पर्यंत शंभरातल्या चौसष्ट-पासष्ट घरांत टीव्ही पोचला. या नव्या घरांतल्या लोकांनी जपानी सिनेमा पाहिला नव्हता आणि त्यात त्यांचा काही दोष नव्हता. १९५६-५७ च्या हंगामात एनबीसीने 'सीझर्स अवर' पुन्हा शनिवारी रात्री नऊला आणला. त्याच वेळी एबीसीवर लॉरेन्स वेल्क होता. नॉर्थ डकोटाच्या शेतकरी वस्तीत वाढलेला अॅकॉर्डियनवादक, बोलण्यात जर्मन हेल, कारण घरी जर्मनच बोलत. पोल्का, वॉल्ट्झ, हसतमुख गायिका. याँकर्सच्या खानावळीत सीझर ज्या हेलाची नक्कल करायला शिकला तसाच हेल वेल्कच्या तोंडी अस्सल होता, आणि त्या हेलाने सीझरला खाल्लं. वेल्कला हिणवण्याची त्या काळच्या न्यूयॉर्कवाल्यांची रीत मला मान्य नाही. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला शनिवारी रात्री पोल्का ऐकावासा वाटला तर त्याने काय गुन्हा केला? पण जाहिरातदाराला दोन्ही प्रेक्षक ठेवण्याची गरज नव्हती. मोठा होता तो उरला.

त्या वेळी सीझर पस्तिशीचाही नव्हता. पुढची वीस वर्षं त्याने दारूत आणि गोळ्यांत घालवली. कामं मिळत राहिली. ब्रॉडवेवर 'लिटल मी' हे संगीतनाटक केलं, त्याची संहिता नील सायमनचीच होती. सिनेमेही केले, पण त्यातलं पुष्कळसं आपल्याला आठवतच नाही असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय. १९७७ मध्ये कॅनडातल्या रेजायना शहरात तो सायमनच्याच 'लास्ट ऑफ द रेड हॉट लव्हर्स'चा प्रयोग करत होता. रंगमंचावर त्याला वाक्यं आठवेनात. ज्याने नऊ हंगाम तक्त्याविना, प्रॉम्प्टरविना काढले तो नट कोरा उभा राहिला. त्यानंतर त्याने उपचार घेतले, दारू सोडली आणि ती सुटली.

दरम्यान त्याच्या खोलीतली माणसं सगळीकडे पसरली होती. रायनरने तर ती खोलीच उचलून पडद्यावर आणली. विनोदी कार्यक्रमाचे लेखक, त्यातली एक फटकळ बाई, एक सतत बडबडणारा छोटा माणूस, आणि सगळ्यांना धाकात ठेवणारा मालक-नट: असा 'द डिक व्हॅन डाइक शो' १९६१ मध्ये सुरू झाला. नायकाची भूमिका रायनरने आधी स्वतःसाठी लिहिली होती. नमुन्याचा भाग पडला, मग भूमिका डिक व्हॅन डाइककडे गेली आणि रायनर मालक-नट झाला. सुरुवातीला दिग्दर्शक त्याचा चेहरा दाखवतच नसे, दिसायची ती पाठ. सायमन ब्रॉडवेवरचा सर्वाधिक चालणारा नाटककार झाला. गेलबार्टने 'मॅश' ही मालिका उभी केली. टोल्किन 'ऑल इन द फॅमिली'साठी लिहू लागला. मायकेल स्टुअर्ट, जो 'सीझर्स अवर'च्या खोलीत इतरांचा गोंधळ टंकलिखित करायचा, त्याने 'हॅलो, डॉली!'ची संहिता लिहिली. कॅलन रहस्यकादंबऱ्यांकडे वळली. ब्रुक्सचं काय झालं हे सांगायला नको.

मूळ कार्यक्रम उरला तो योगायोगाने. थेट प्रक्षेपण चालू असताना पडद्यासमोर सिनेमाचा कॅमेरा लावून चित्रण करायची तेव्हा पद्धत होती, लांबच्या केंद्रांना पाठवण्यासाठी. चित्र पुसट, कडा वाकड्या. अशा फिल्मा लीबमनने जपून ठेवल्या होत्या. त्यातली दहा प्रहसनं निवडून त्याने १९७३ मध्ये 'टेन फ्रॉम युवर शो ऑफ शोज' नावाने सिनेमागृहात दाखवली. संहितांचा मात्र पत्ता नव्हता. लीबमन १९८१ मध्ये गेला. २००० साली सिटी सेंटरमध्ये वर्षानुवर्षं कुलूपबंद असलेलं एक कपाट उघडलं गेलं, तेव्हा आत त्याच्या कचेरीची खोकी निघाली. ज्या इमारतीत आरडाओरडा करून त्या संहिता लिहिल्या गेल्या, त्याच इमारतीत त्या पडून होत्या.

वेल्कचा कार्यक्रम एबीसीने १९७१ मध्ये काढून टाकला. तेव्हा जाहिरातदारांना तरुण आणि शहरी प्रेक्षक हवासा झाला होता आणि वेल्कचा प्रेक्षक म्हातारा झाला होता. म्हणजे सीझरला लागलेला न्याय उलट्या बाजूने त्यालाही लागला. तरी स्थानिक केंद्रांना थेट विकून वेल्कने तो १९८२ पर्यंत चालवला. त्याच वर्षी सीझरचं आत्मचरित्र आलं. त्याच वर्षी ब्रुक्सच्या कंपनीने 'माय फेव्हरिट इयर' हा सिनेमा काढला. १९५४ चं न्यूयॉर्क, थेट प्रक्षेपणाचा विनोदी कार्यक्रम, त्यातला नवशिका लेखक आणि त्याचा धिप्पाड, तापट मालक. जोसेफ बोलोनाने केलेला हा मालक कुणावरून घेतला ते न्यूयॉर्कमध्ये कुणाला विचारावं लागलं नाही.

५ फेब्रुवारी १९८३ ला सीझर एनबीसीच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चा पाहुणा सूत्रधार झाला. वय साठ, शनिवारची रात्र, थेट प्रक्षेपण. या कार्यक्रमात नटांनी वाक्यं पाठ करावीत अशी अपेक्षा नसते. कॅमेऱ्याशेजारी माणसं मोठ्या अक्षरांतले तक्ते धरून उभी असतात.